बाणाचा चाकू

गावातल्या आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, कुणाकडे मूल जन्माला आलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमच्या अंगणात कुणीतरी येऊन उभं राहायचं. बहुधा बाळंतिणीची सासू, नाहीतर नणंद. सुवेर, म्हणजे जन्माचा विटाळ, असल्यामुळे ती ओटीवर चढायची नाही. खालूनच विचारायची, "बाणाचो चाकू आसा मां घरात?"

आई आतून चाकू आणून पायरीवर ठेवायची आणि बाई तो तिथून उचलायची. सुरी, कात्री, चाकू हातातून हातात दिला तर देणाऱ्या-घेणाऱ्यात भांडण होतं, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्यांनाही पाठ असतं. मग तो चाकू बाळाच्या उशाखाली जायचा आणि बारसं झालं की पानात बांधलेल्या गुळासोबत परत यायचा. माझा भाऊ म्हणतो, आमचे दात त्या गुळानेच किडले. तो वाढवून सांगतो, पण फार नाही.

बाळाच्या उशाखाली लोखंड सगळेच ठेवतात. विळा, खिळा, जुनी कात्री, हाताला लागेल ते. आमचाच चाकू मागायचं कारण म्हणजे त्याच्यावरचा बाण.

चाकू माझ्या वडिलांचा, आबांचा. मिलिटरीतला. मिटला की तळहातात मावणारा, दोन्ही अंगांना काळ्या खरबरीत पट्ट्या. एक पातं, त्याच्या शेजारी डबे फोडायचं आखूड पातं आणि पाठीला जाडजूड टोचा. त्या टोच्याने आबा पोत्याची शिवण उसवायचे आणि आई लोणच्याच्या बरणीचं बूच काढायची. पात्याच्या मुळाशी नखाएवढा एक बाण उठवलेला होता, तीन रेघांचा, सरळ वर टोक केलेला.

त्या बाणाचा शोध आईचा. आबा पेन्शनीवर घरी आले, त्या वर्षी तिने चाकू चिंच आणि राख लावून घासला तेव्हा तो तिच्या डोळ्यांत भरला. तिने शेजारणीला दाखवला. शेजारीण म्हणाली, रामाचो बाण. झालं. तिन्हीसांजेपर्यंत वाड्यावरच्या सगळ्या बायका येऊन बघून गेल्या. लढाईत जाऊन आलेला चाकू आणि त्याच्यावर रामाचा बाण, मग बाळाच्या वाटेला कोण जाईल? आबा तेव्हा ओटीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही काही सांगितलं नाही.

लढाईचं म्हणाल तर आबा फौजेत लांगरी होते. म्हणजे स्वयंपाकी. गोवा मुक्त झाल्यावर काही वर्षांनी ते बेळगावला जाऊन भरती झाले. बंदूक मिळेल म्हणून गेले आणि हातात पळी आली. गावात त्यांना सगळे मिलिटरी म्हणायचे. कुणी लढाईचं विचारलं की ते म्हणायचे, "लढाईतय भूक लागता." लोकांना तो विनय वाटायचा, पण ते खरंच सांगत होते. त्या चाकूने त्यांनी डोंगराएवढे कांदे चिरले होते आणि दुधाचे डबे फोडले होते. रक्त काढलं असेल तर ते स्वतःच्या बोटाचं.

आबांचा खरेपणा मात्र जाच होता. हे मी त्यांची मुलगी म्हणून सांगते, आणि अजून थोड्या रागानेच सांगते. ते घरी आल्याच्या दुसऱ्या वर्षी पोदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, आमच्याकडे एक पाव चुकून जास्त टाकून गेला. मी दहा-अकरा वर्षांची. पाव गरम होता आणि मी त्याचा वास घेत होते. आबांनी मला तो घेऊन पोदेराच्या मागे धाडलं. त्याची सायकल धारगळच्या हमरस्त्याला लागेपर्यंत मी अनवाणी पळाले. पोदेर हसला, म्हणाला, खा गो तूच. मी तो खाऊन परत आले, तर आबांनी विचारलं, "तेणी दिलो काय तू मागलंस?" असा माणूस.

पुढे माझं लग्न झालं आणि मी डिचोलीला गेले. तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते. खाणीचे ट्रक दारावरून जायचे आणि लाल धूळ पुसता पुसता मी माहेरच्या, पेडण्याच्या हिरव्या अंगणाची आठवण काढायची. भावाचं लग्न झालं. भावजय दोडामार्गाकडची, कमी बोलणारी, कामाला वाघ. पहिलं बाळंतपण तिच्या माहेरी झालं. मुलगा. आबांनी स्वतः चाकू भावाच्या पिशवीत ठेवला आणि वर टॉवेल घातला. बाळ नवव्या दिवशी गेलं. डॉक्टरांनी हृदयाचं काही सांगितलं. चाकू परत आला, त्याच्यासोबत गूळ आला नाही. आमच्या घरात त्यावर कुणीच काही बोललं नाही. आम्हाला वाटलं, न बोलणं म्हणजे तिला जपणं.

या गोष्टीला तीन वर्षं झाली आणि भावजयीला पुन्हा दिवस गेले. याच सुमाराला मी एक शहाणपणा केला.

माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातले एक साहेब निवृत्त झाल्यावर जुन्या वस्तू जमवायला लागले होते. पणजीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये काचेच्या कपाटात संगिनी, पदकं, पोर्तुगीज सोजिरांच्या पट्ट्यांची बक्कलं. आम्ही चहाला गेलो तेव्हा ते तासभर एकेक वस्तू काढून दाखवत होते आणि मला राहवलं नाही. म्हटलं, आमच्याकडे तर बाण असलेला मिलिटरीचा चाकू आहे. मला मिरवायचं होतं, दुसरं काही नाही. साहेब एकदम ताठ बसले. बाण कसा आहे, किती रेघांचा, पट्ट्या कसल्या, सगळं विचारून घेतलं. पुढच्या रविवारी मी त्यांना पेडण्याला घेऊन गेले.

जेवणं चालली होती. भावजय सातव्या महिन्यात होती, तरी वाढत होती. साहेबांनी डावा हात पुसून चाकू घेतला, चष्मा वर सरकवला आणि लहान मुलासारखे खुलले.

"हा रामाचा बाण नाही, ताई," ते आईला म्हणाले. "हा सरकारी शिक्का. गोऱ्या साहेबाच्या काळापासून फौजेच्या मालावर हा मारत. म्हणजे ही वस्तू सरकारची, कुणा एकाची नव्हे. जमवणारे असल्या चाकूसाठी जीव टाकतात." मग अगदी सहज आबांकडे वळून म्हणाले, "निघताना हा जमा करावा लागत असेल, नाही?"

"लागता," आबा म्हणाले. आणि उठून हात धुवायला गेले. पानात भात तसाच होता. आयुष्यात त्यांनी पानात शीत टाकलेलं मी पाहिलं नव्हतं.

साहेबांच्या काही लक्षात आलं नाही. द्यायचा झाला तर मला सांगा, एवढं म्हणून ते संध्याकाळच्या बसने गेले. आई मागून म्हणाली, "पणजीक ऱ्हावन मनशाक रामाचो बाण वळखूक येना नाय." तिच्यापुरता तो विषय संपला. भावजयीने पानं उचलताना एकदा चाकूकडे पाहिलं आणि आत गेली.

मी आबांना शोधत घरामागच्या काजूच्या भरडावर, खडकाळ माळावर गेले. ते एका बुंध्याला टेकून बसले होते.

"स्टोरात जमा करूचो होतो," मी विचारायच्या आधीच ते म्हणाले. "मी सांगलंय, हरावलो. कागदार सही केलंय."

"कशाक?"

"इतकीं वर्सां खिशात होतो. दिवूक मन झाला नाय."

मला आधी हसू आलं. मग तो गरम पाव आठवला, तळपायाला टोचलेली खडी आठवली आणि माझं डोकं फिरलं. "आणि माका एका पावासाठी पोदेराच्या पाठी पळवलंस?"

"तेच्यासाठीच पळवलंय," आबा म्हणाले.

ते थांबले नाहीत. खाली बघत, काजूच्या वाळक्या पानाच्या शिरा सोलत म्हणाले, "पयलो नातू गेलो तेवां तेच्या माथ्याखाला ह्यो चाकू होतो. फटी मारून हाडलेलो माल मी लेकराच्या माथ्याखाला ठेवलंय." फटी मारणं म्हणजे आमच्याकडे खोटं बोलणं.

मी विज्ञानाची शिक्षिका. हृदयाचे चार कप्पे मी फळ्यावर दर वर्षी काढते. मी त्यांना सगळं सांगितलं, झडप म्हणजे काय, जन्मजात दोष म्हणजे काय, चाकू असता-नसता तरी काय झालं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, "दुसरा येवच्या आधी ह्यो परत करतलंय." त्या क्षणी मला त्यांची फार कणव आली. तीन वर्षं हा माणूस रोज आमच्यासमोर जेवत होता आणि आम्हाला पत्ता नव्हता.

मी रजा काढली. आबांनी दाढी केली, पांढरा शर्ट घातला, पेन्शनचे कागद प्लॅस्टिकमध्ये घेतले. चाकू धुतलेल्या फडक्यात गुंडाळून कापडी पिशवीत ठेवला. धारगळहून खाजगी बसने म्हापसा, तिथून सरकारी बसने पणजी. पूर्ण वाट ती पिशवी त्यांनी मांडीवर धरून ठेवली. मी घेते म्हटलं तर दिली नाही.

लष्करी कार्यालयाच्या फाटकावरच्या जवानाने विचारलं, "थैले में क्या है?"

"चाकू," आबा म्हणाले.

जवान एक पाऊल मागे झाला. आबा मात्र टाचा जुळवून, हात पॅन्टच्या शिवणीला लावून सरळ उभे राहिले होते. "सरकारी चाकू है, साब. बीस साल पहले जमा नहीं किया. जमा करने आया हूँ."

आम्हाला आत बसवलं. थोड्या वेळाने एक सुभेदार आले, पिकल्या मिशांचे, डोळ्याला चाळिशी. आबा बसायला तयार नव्हते. सुभेदारांनी दोनदा सांगितल्यावर खुर्चीच्या कडेला टेकले.

"काम क्या था आपका?"

"लांगरी, साब."

"फिर तो चाकू सबसे ज्यादा आप ही ने चलाया होगा," सुभेदार म्हणाले. आबा हसले नाहीत. त्यांनी फडकं सोडून चाकू टेबलावर ठेवला आणि हरवला म्हणून केलेली सही, सगळं सांगितलं. न चुकता, न थांबता. ते वाक्य त्यांनी मनात किती वेळा म्हटलं असेल हे मला तेव्हा कळलं.

सुभेदारांनी चष्मा काढला. "देखिए, जो चीज कागज पर खो गई, वो मेरे कागज पर वापस नहीं आ सकती. वो कागज भी अब कहाँ होगा."

"फिर सजा दो, साब."

सजा मागायला आलेल्या म्हाताऱ्याचं काय करावं हे त्यांच्या कुठल्याच नियमात नसावं. आणि तेव्हा मी तोंड घातलं. माझं हिंदी शाळेत शिकलेलं, त्यातही अर्धं मराठी. पण मी सगळं सांगून टाकलं. रामाचा बाण, वाड्यावरची पोरं, उशाखालचा चाकू, गूळ आणि माझा नऊ दिवसांचा भाचा. आबा माझ्याकडे असे बघत होते, की तिथे टेबल नसतं तर मला गप्प बसवायला उठले असते.

सुभेदारांनी चाकू उचलला. पातं उघडलं, डबे फोडायचं पातं उघडलं, टोचा उघडला. अंगठ्याने धार पाहिली.

"धार अच्छी रखी है." मग म्हणाले, "हमारे गाँव में भी बच्चे के सिरहाने लोहा रखते हैं." त्यांनी टोचा मिटला. "लांगरी, सामान जमा कब होता है?"

"ड्यूटी खत्म होने पर, साब."

"इसकी ड्यूटी खत्म हुई?"

आबांनी सुभेदारांच्या हातातल्या चाकूकडे पाहिलं. मग म्हणाले, "नहीं, साब."

"तो ले जाइए." त्यांनी चाकू मिटून पुढे केला. आबांनी हात मागे घेतला. "टेबल पर रखो, साब," ते म्हणाले. सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी भांडणाचं सांगितलं. ते पहिल्यांदाच मोकळे हसले आणि त्यांनी चाकू टेबलावर ठेवला. आबांनी तो उचलला, उभे राहिले आणि सलाम ठोकला. घरात कधी न पाहिलेला, कडक.

मला वाटलं, आता मिटलं. परतीच्या बसमध्ये मी खुशीत होते. म्हापशाला उतरून आम्ही चहा घेतला, तेव्हा आबा म्हणाले, "तेणी शिक्षा करूक व्हयी होती."

"सोड आता."

"अजून एके कडे सांगूचा आसा."

कुणाला ते मी विचारलं नाही. फक्त हात जोडून म्हटलं, ती आठव्यात आहे, आता नको, बाळ येऊ दे. भावजय काय म्हणेल याची मलाच भीती वाटत होती. ज्या चाकूवर विसंबून तिचं एक मूल झोपलं होतं, तो चाकू देवाचा नव्हे, खोटी सही करून ठेवून घेतलेला, हे एखाद्या आईने ऐकायचं तरी कसं? ती आबांचं तोंड बघणार नाही, असंच मला वाटत होतं. आबांनाही तेच वाटत असणार. पण त्यांनी माझं तेवढं ऐकलं.

मुलगी झाली. म्हापशाच्या इस्पितळातून तिसऱ्या दिवशी घरी आणली. मी डिचोलीहून आले होते. आईने पाणी तापवलं, बाळाला न्हाऊ घातलं, धुरी दिली आणि हाक मारली, "चाकू हाडा गो कोण तरी."

आबा स्वतः आले. अकरा दिवस पुरुषमाणूस त्या खोलीत पाऊल टाकत नाही, म्हणून ते दारातच थांबले. हातात चाकू होता. आणि तिथे उभं राहून त्यांनी भावजयीला सगळं सांगितलं. बाण कुणाचा ते, सही, सुभेदार आणि पहिल्या बाळाच्या उशाखालचं. शेवटचं सांगताना ते चाकूकडे बघत होते. "तुझ्या झिलाच्या माथ्याखाला मी फटीचा लोखंड ठेवलंय. आता तू सांगशीत तसा. नको म्हटलंस तर ह्यो व्हाळात टाकतंय."

आईने कपाळाला हात लावला. मग स्वतःला सावरत म्हणाली, "सरकाराचो तर सरकाराचो. सरकाराक भुतांय भियेतत." कुणी हसलं नाही.

भावजय बाळाला मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत बसली होती. मी मनात म्हटलं, संपलं.

"आबा, तीन वर्सां तुमी ह्या पोटात घेवन बसलात?" ती म्हणाली.

"व्हय."

"मीय बसलंय." तिने बाळाच्या दुपट्याचं टोक नीट केलं. "माका वाटला, माझाच काय तरी चुकला. सातव्यात मी पावसात भिजलंय. एकदा पपई खाल्लंय. रोज ताच मोजीत होतंय."

तीन वर्षं एकाच घरात, एकाच चुलीवर ही दोघं आपापला अपराध रांधत होती आणि आम्ही न बोलून त्यांना जपत होतो. मला स्वतःचीच लाज वाटली. हृदयाचे कप्पे मी आबांना समजावले होते, त्या मुलीला कधी समजावले नव्हते.

"हाडा," भावजयीने हात पुढे केला.

आबा वाकले आणि चाकू उंबरठ्यावर ठेवायला लागले.

"खाली नको. हातात द्या."

"भांडान जाता गो."

"जावंदे," ती म्हणाली. "आधीच भांडलं असतंव, तर इतकीं वर्सां गप ऱ्हवचा पडला नसता."

आबांनी आईकडे पाहिलं. आई दुसरीकडे बघत होती. मग त्यांनी उंबरठा ओलांडला, आत गेले आणि चाकू तिच्या हातात दिला. तिने एका हाताने बाळाची मान उचलली आणि दुसऱ्याने तो उशाखाली सरकवला.

त्यानंतर आबा विहिरीवर जाऊन आंघोळ करून आले आणि पानावर बसले. त्या दिवशी त्यांनी दोनदा भात मागून घेतला.